पातेल्यातला पैसा

मी एक जुना तांब्याचा पैसा आहे. सध्या माझा मुक्काम एका नाणीवाल्याच्या दुकानात, काचेखालच्या लाकडी खणात आहे. माझ्या शेजारी माझ्याच वयाची बरीच भावंडं पडलेली आहेत. ती सगळी एकसारखी तपकिरी, जुन्या चपलेच्या चामड्यासारखी. मी मात्र त्यांच्यात उठून दिसतो, आणि ते काही कौतुकाने सांगण्यासारखं नाही. माझी एक बाजू गुलाबी आहे. भाजलेली जागा बरी झाल्यावर नवी कातडी येते ना, तशी. त्या गुलाबी अंगावर एक काळपट पट्टा आडवा गेला आहे. कडेला एका बाजूने निळसर हिरवं कीट चढलं आहे. मला उलटा केलात तर पाठीवर अंगठ्याएवढा जांभळा डाग दिसेल आणि त्याच्याभोवती कापडाच्या विणीची बारीक जाळी.

परवा नाणीवाल्याने मला चिमट्यात उचललं, भिंगाखाली धरलं आणि नाक मुरडलं. "हे काय सोंग आहे!" असं म्हणून त्याने मला आपल्या छोट्या तराजूत टाकलं. भावंडांपेक्षा मी थोडा हलका भरलो. "झिजलाय," तो पुटपुटला, आणि त्याने मला डावीकडच्या खणात सरकवलं. डावीकडचा खण धुवायच्या नाण्यांचा. उद्या सकाळी तो आम्हाला एका वाटीतल्या पाण्यात सोडेल. त्या पाण्याचा वास मला ओळखीचा आहे. मग बारीक ब्रशने घासून आम्हाला नव्यासारखं चकचकीत करील.

एकदा तसं झालं की माझ्या अंगावर काहीच उरणार नाही. म्हणून मित्रांनो, आजच सांगून टाकलं पाहिजे. माझ्याशिवाय हे सांगणारं आता कुणी राहिलेलं नाही.

माझा जन्म टांकसाळीतला. तांब्याच्या लांब पट्टीतून मला गोल कापून काढलं, भट्टीत तापवलं, आणि दोन पोलादी ठशांच्या मध्ये ठेवून असा काही दणका दिला की माझ्या अंगावरची अक्षरं अजून पुरती गेलेली नाहीत. तेव्हा मी लालबुंद होतो, उगवत्या सूर्यासारखा. तो रंग चार दिवसांचा. घामट तळहात, खिशातली धूळ, गल्ल्यातली दमट हवा, यांनी आम्ही हळूहळू तपकिरी होतो. कुणी म्हणतात नाणं काळवंडलं. मी म्हणेन वयात आलं. तो रंग आमच्या अंगावर पांघरुणासारखा असतो. त्याच्या खाली आम्ही सुरक्षित असतो, आणि आमच्यापासून तुम्हीही.

पुष्कळ वर्षं मी हातोहात फिरलो. एक दिवस एका बाईच्या हाती पडलो आणि माझं फिरणं संपलं.

त्या बाईला सगळी गल्ली बरणीआजी म्हणायची. तेव्हा ती आजी झालीही नव्हती. पण तिची आई बरणीआजी होती, म्हणून हिलाही आपोआप तेच नाव चिकटलं होतं. हिरव्या शेंगा निवडायच्या, शिरा काढायच्या, व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात उकळायच्या आणि बरण्यांत भरून विकायच्या, हा त्यांचा धंदा. आता तुम्ही कधी शेंगा उकळताना पाहिल्या असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, व्हिनेगरमध्ये त्यांचा रंग उतरतो. पावसात भिजलेल्या खाकी पिशवीसारख्या दिसायला लागतात. तशा शेंगा कोण घेणार? म्हणून तिच्या आईने तिला एक युक्ती शिकवली होती. उकळत्या पातेल्यात तांब्याचा एक पैसा टाकायचा. शेंगा पोपटासारख्या हिरव्या राहतात.

सुट्ट्या पैशांत तिने मला पाहिलं, हातात तोललं, दाताखाली धरून पाहिलं, आणि म्हणाली, "हा जाड आहे. हा राहू दे."

पण युक्तीला एक अट होती, आणि ती आईने तिच्याकडून शपथेवर घेतली होती. पैसा पातेल्यात पडला की बेचा पाढा सुरू करायचा. बे एके बे. सावकाश, एकेक शब्द सुटा म्हणायचा. बे दाहे वीस म्हटलं की झाऱ्याने पैसा बाहेर. एक पाढा, त्याहून जास्त नाही. मग मला राखेने घासायचं, पुसायचं आणि फळीवरच्या लहान पत्र्याच्या डबीत ठेवायचं. अट कशासाठी, हे तिच्या आईने सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. घड्याळ घरात नव्हतं आणि पाढा पाठ होता, एवढंच.

अशी वर्षं गेली. दर चार दिवसांनी उकळतं पातेलं, पाढा, झारा, राख, डबी. प्रत्येक वेळी माझ्या अंगावरचं तपकिरी पांघरूण निघायचं आणि मी गुलाबी व्हायचो. मला वाटायचं, मी किती कामाचा आहे! गल्लीतल्या प्रत्येक घरात माझा रंग जेवायला जातो. मित्रांनो, तेव्हा मला त्याचा अभिमान होता. हेही मला कबूल केलं पाहिजे.

बरणीआजीचा मुलगा मोठा झाला. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायच्या कामाला लागला. त्याचं लग्न झालं, घरात सून आली. सून कमी बोलायची. कामाला इतकी चटपटीत की तिने चिरलेल्या शेंगा बरणीत उभ्या केल्या तर पट्टी लावल्यासारख्या एका उंचीच्या दिसायच्या. मग त्यांना एक मुलगी झाली. ती एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खाट, शिवाय बरण्यांची मांडणी. मागच्या खोलीत शेगडी, मोरी आणि एकच खिडकी. त्या खिडकीखालच्या पाटावर बसून भिंगरी आजीबरोबर पाढा म्हणायची. शाळेत अजून पाढे सुरूही झाले नव्हते, तेव्हापासून तिला बेचा पाढा येत होता. "माझ्या नातीचं पहिलं गणित शेंगांनी शिकवलं," असं बरणीआजी सांगायची.

याच सुमारास आजी विसरायला लागली.

सुरुवात अगदी साधी होती. चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधायचा. सुनेला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. घरात हसं व्हायचं, आणि आजीही हसायची. मग एक दिवस पाढा म्हणताना ती बे सक बारापर्यंत आली आणि थांबली. झारा हातात तसाच. पातेलं उकळतंय, मी तळाशी.

"बे साते..." आजी म्हणाली. "बे साते..."

"चौदा, आजी!" पाटावरून भिंगरी ओरडली.

"मला येतं गं, ठमाकाकू. तुझी परीक्षा घेत होते," आजी म्हणाली आणि पाढा पुढे गेला.

त्यानंतर ते नेहमीचंच झालं. आजी बे सातेला अडायची, भिंगरी चौदा म्हणायची. तो त्यांचा खेळच झाला. घरातल्या कुणालाही वाटलं नाही की ही सात वर्षांची पोर आता या घराची, दुकानाची, साऱ्या गल्लीची राखण करते आहे. मलाही वाटलं नाही.

मग भिंगरीची शाळा दुपारची होती ती सकाळची झाली.

आता पातेलं चढायचं तेव्हा पाट रिकामा असायचा. आजी बे सातेला अडायची, कुणी चौदा म्हणायचं नाही, मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. बे एके बे. कधी दोनदा, कधी चारदा. मी तळाशी जळत राहायचो. माझ्या अंगातून हिरवं पाणी सुटताना मला कळत होतं.

सून शेजारीच शेंगांच्या शिरा काढत बसलेली असायची. तिला तो पुन्हा पुन्हा सुरू होणारा पाढा ऐकू यायचा. एकदा तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, द्या बघू झारा. मी काढते पैसा."

आजीचा चेहरा तांबडा झाला. "का? मी काय मेले? चाळीस वर्षांत माझ्या हातून एक बरणी बिघडलेली नाही. तू आपल्या शिरा काढ."

सुनेने सुरी पुन्हा उचलली. म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं कशाला, असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिला त्या अडखळणाऱ्या पाढ्याची माया वाटायची. ती खाली मान घालून हसायची.

त्या महिन्यांत आमच्या शेंगा जितक्या हिरव्या झाल्या तितक्या कधीच झाल्या नव्हत्या. शेजारची शिवणवाली दारात उभी राहून म्हणायची, "बरणीआजी, एक बरणी मला उधार द्या. माझ्या दाराचा रंग उडालाय, दोन हात मारून घेते!"

"तुझ्या दाराला कशाला? तुझ्या तोंडाला लाव, जरा तजेला येईल," आजी म्हणायची, आणि दोघी हसून लोटपोट व्हायच्या.

मुलगा कामावर जाताना वाटेत बरण्या दुकानदाराकडे पोचवायचा. तो येऊन सांगायचा, "दुकानदार म्हणतो, रंग असावा तर असा. पुढच्या आठवड्याला दुप्पट पाठवा." आजी सुखावून जायची. मित्रांनो, माझी सगळ्यांत जास्त वाहवा झाली ती त्याच दिवसांत.

आणि मग ती सकाळ आली. मोठं पातेलं चढवलं होतं, दुप्पट शेंगांचं. आजीने मला टाकलं. बे एके बे. बे सातेला अडली. पुन्हा बे एके बे. तेवढ्यात दाराची कडी वाजली. दुकानदाराचा माणूस रिकाम्या बरण्या घेऊन आला होता. सून मोरीत झाकणं धूत होती, म्हणून आजीच उठली. त्या माणसाशी बोलली, बरण्या मोजून घेतल्या, पाय दुखतात म्हणून सांगितलं. परत आली ती शेगडीपाशी उभी राहून क्षणभर कशाचा तरी विचार करत राहिली. मग तिने फळीवरची डबी उचलली, बरणीचं झाकण लावावं तशी दाबून बंद केली आणि जागेवर ठेवली. डबी रिकामी होती. ती उघडून बघितली नाही. दर वेळी पाढ्यानंतर डबी बंद होत असे, म्हणून आजही झाली.

घरची एक रीत होती. वरच्या चांगल्या शेंगा काचेच्या बरण्यांत, विकायला. पातेल्याच्या तळाशी उरतील त्या मोडक्या, आखूड शेंगा घरच्या बरणीत. घरची बरणी चिनी मातीची, पिवळी, कान तुटलेली. सुनेने वरच्या शेंगा भरल्या, आणि उरलेला तळ पातेलं वाकडं करून त्या पिवळ्या बरणीत ओतला. त्या शेंगांबरोबर मीही घसरत गेलो. आवाज झाला नाही, कारण माझ्या खाली शेंगा होत्या. वरही शेंगा पडल्या. एक जाड शेंग माझ्या अंगावर आडवी पडली. मग झाकण बसलं आणि अंधार झाला.

काचेची बरणी असती तर मी कुणाला तरी दिसलो असतो.

सोळा दिवस मी त्या अंधारात होतो. दुप्पट माल गेला होता, म्हणून त्या दिवसांत पातेलं चढलं नाही आणि डबीही कुणी उघडली नाही. व्हिनेगर मला चावत होतं आणि मी विरघळत होतो. सतराव्या दिवशी झाकण निघालं.

भिंगरीला ताप आला होता. साधाच ताप, शाळेत निम्म्या वर्गाला आला होता तसा. पण तोंडाची चव गेली होती. भाकरी नको, पेज नको, दूध तर बघायलाही नको. "काय देऊ मग तुला? काय खाशील, सांग तरी," आई म्हणाली.

"आंबट शेंगा."

आईला हायसं वाटलं. लेकरू काहीतरी मागतंय! तिने वाटीभर शेंगा काढल्या आणि वर दोन चमचे ते हिरवं पाणी घातलं, कारण भिंगरीला पाणीच जास्त आवडायचं. खाटेवर बसून एकेक शेंग भरवली. वाटी तोंडाला लावून भिंगरीने पाणी पिऊन टाकलं आणि जिभेने मिटकी मारली.

"आई, आणखी थोडं."

संध्याकाळी तिचं पोट दुखलं. तापाने दुखत असेल, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच तिच्या घशाखाली उतरलं, म्हणून पुन्हा तेच दिलं. बरणीतलं पाणी कमी होत गेलं तशी शेंगांच्या आत माझी एक कड पाण्यावर उघडी पडली. तिथे हवा लागून हिरवं कीट धरायला लागलं. तिसऱ्या दिवशी भिंगरीला उलटी झाली, आणि उलटीचा रंग निळसर हिरवा होता.

तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. त्यांना अजून पाच घरं करायची होती. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. डोळे पिवळे झाले होते.

"काय खायला दिलं होतं?"

"शेंगा. घरच्याच."

डॉक्टरांनी पिवळ्या बरणीत डोकावलं, वास घेतला. "बिघडल्या असतील. हात स्वच्छ नसले की असं होतं. कुणी भरल्या या?"

"मी," सून म्हणाली. ते खरंच होतं.

मित्रांनो, मी तेव्हा शेंगांखाली दोन बोटांवर होतो. डॉक्टरांनी चमचा घालून एकदा ढवळलं असतं तरी मी दिसलो असतो. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

आणखी पाच दिवसांनी भिंगरी गेली. सकाळची वेळ होती. मुलं शाळेत निघाली होती, त्यांच्या पायांचा आवाज खिडकीतून येत होता.

घरात माणसं जमली. शिवणवाली रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "आईच्याच हातून व्हावं! हात धुवायला काय लागतं गं, बाई?" सुनेचा नवरा भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो एकदाच वळला आणि बायकोला म्हणाला, "तूच भरवलंस." तिने भरवलं होतंच.

चार दिवसांनी, घर रिकामं झाल्यावर, सून ती पिवळी बरणी घेऊन मोरीत बसली. तिला ती बरणी धुवायची नव्हती, फोडायची होती. पण घरातली कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय टाकायची तिला सवय नव्हती. तिने बरणी उपडी केली. शेंगांचा लगदा मोरीत पडला आणि त्यामागून मी. मोरीच्या दगडावर माझा टणकन आवाज झाला.

तिने मला उचललं. माझ्या अंगावर सगळं लिहिलेलं होतं. गुलाबी सोललेलं अंग. जिथे शेंग आडवी पडली होती तिथे व्हिनेगर पोचलं नव्हतं, तो शेंगेच्या आकाराचा काळपट पट्टा. आणि कडेचं हिरवं कीट, बरणीतलं पाणी कुठवर उतरलं ते दाखवणारं. तिने शेंग माझ्या पट्ट्यावर ठेवून पाहिली. बरोबर बसली. मग ती उठली आणि फळीवरची डबी उघडली. डबीत कुणी नव्हतं.

तिला आता सगळं कळलं होतं. पाढा अडत होता आणि आपण खाली मान घालून हसत होतो, हेही.

मूठ घट्ट आवळून ती पुढच्या खोलीत गेली. त्या मुठीत मी होतो. तिचं नाव, तिची निर्दोष बाजू, सगळं त्या मुठीत होतं. गल्लीने तिच्या अंगावर टाकलेला डाग माझ्या अंगावरच्या डागाने पुसला गेला असता.

आजी खिडकीशी खुर्चीत बसली होती. "सूनबाई, भिंगरी आली का गं शाळेतून?"

चार दिवसांत तिने हे किती वेळा विचारलं असेल, आणि दर वेळी तिच्या मुलाने तिला सांगितलं होतं, आणि दर वेळी तिने पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडला होता.

सुनेने मूठ उघडली. "आई, हे बघा."

"अगंबाई!" आजीचा चेहरा उजळला. "सापडला? किती शोधत होते मी! कुठं होता मेला?" तिने मला घेतलं, पातेल्यात टाकताना धरायची तसं दोन बोटांत धरलं, आणि सवयीने सुरू केलं. "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा. बे चोक आठ. बे पंचे दहा. बे सक बारा. बे साते..."

ती थांबली. खिडकीखालच्या पाटाकडे बघत राहिली. "बे साते... सांग ना गं भिंगरी."

पाट रिकामा होता. सून त्या पाटाकडे बघत होती.

"चौदा," ती म्हणाली.

"मला येतं गं. तुझी परीक्षा घेत होते," आजी म्हणाली.

सुनेने मला आजीच्या बोटांतून हळूच काढून घेतलं. जे सांगायला आली होती ते तिने सांगितलं नाही.

त्याच दुपारी ती दुकानदाराकडे गेली. "माझ्या बरण्या परत द्या, सगळ्या," ती म्हणाली.

"का? उत्तम खपताहेत."

"बिघडल्यात. माझ्या हातून बिघडल्यात. माझी मुलगी गेली त्याने."

दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती. सगळी वळून बघायला लागली. दुकानदाराने घाईघाईने एकूण एक बरणी खाली उतरवली. ती गल्लीत दारोदार फिरली, तेच वाक्य बोलली, आणि उघडलेल्या, अर्ध्या संपलेल्या बरण्या गोळा केल्या. काही घरांनी दार न उघडताच बरणी उंबऱ्याबाहेर ठेवली. घरी आणून तिने त्या सगळ्या मोरीत फोडल्या.

संध्याकाळी नवरा आला तो ओरडतच. "गावभर सांगत सुटलीस? चाळीस वर्षांचं नाव धुळीला मिळवलंस!"

तिने मला त्याच्यासमोर ठेवलं. तो त्याच घरात वाढलेला, पैशाची युक्ती त्याला पाळण्यापासून ठाऊक. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या डबीकडे.

"कुठं मिळाला?"

"पिवळ्या बरणीत."

तो उठला, फळीवरून अर्धं लिंबू आणि मीठ घेतलं आणि मला पालथं घालून अंगठ्याने घासायला लागला. "काही नाही, हा नेहमीचाच रंग आहे. घासलं की जातो. बघ, जातोय." माझ्या पाठीवर अंगठ्याएवढी जागा लखलखीत निघाली.

"घासू नका," ती म्हणाली. तिने मला ओढून घेतलं. "एवढंच आहे माझ्याकडे."

"आईला सांगशील?"

"कितीदा सांगू? त्या रोज विसरतील आणि रोज पहिल्यांदा ऐकतील. रोज त्यांच्या हातून नात मरेल."

त्याने लिंबू खाली ठेवलं. तो म्हणाला, "मग लोकांना..."

"लोकांना मी सांगितलंय."

त्या दिवसानंतर त्याने तिला कधी बोल लावला नाही. पण गल्लीत कुणी तिला बोल लावला तेव्हा तो आडही आला नाही. खाली मान घालून छापखान्यात जायचा. मला त्याचा राग आहे. मी तांब्याचा आहे, माझा राग लवकर निवत नाही.

आजी आणखी दोन वर्षं जगली. रोज संध्याकाळी विचारायची, "भिंगरी आली का?" सून म्हणायची, "शाळेत आहे, आई." तिला जेवू घालायची, केस विंचरायची. सून रस्त्याने जाताना बाया आपल्या मुलांना तिच्यापासून अलीकडे ओढून घ्यायच्या. तिने दिलेलं पाणीही कुणी पीत नसे. एवढं सोसून तिने एकदाही मला बाहेर काढून दाखवलं नाही. मी तिच्या हातरुमालाच्या गाठीत होतो. त्या रुमालाची वीण तिच्या घामाने माझ्या पाठीवर उमटली, आणि लिंबाने उघडी पडलेली जागा हळूहळू जांभळी झाली.

आजी गेली. काही वर्षांनी नवराही गेला. आता सांगायला हरकत नव्हती, पण आता ऐकायला कोण होतं? ती म्हातारी झाली. कधी कधी एकटी असताना गाठ सोडून मला तळहातावर घ्यायची आणि शेंगेच्या पट्ट्यावरून बोट फिरवायची. ती गेली तेव्हा तिचं सामान भंगारवाल्याने उचललं. त्याने रुमाल फेकून दिला आणि मला नाणीवाल्याला विकलं.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. एखादं जुनं नाणं तुमच्या हाती आलं आणि त्याच्या अंगावर भलताच रंग दिसला, तर त्याला लगेच लिंबू-मिठाने घासायला धावू नका. तो रंग चढायला कुणाचं तरी आयुष्य लागलेलं असतं. आणि याहून मोठं मागणं दुसरं आहे. घरातलं म्हातारं माणूस एकच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलं, तर खाली मान घालून हसू नका. हातातली सुरी ठेवा, उठा, आणि पातेल्यात बघा. ते रागावेल. रागावू दे.

नाणीवाल्याने दिवा मालवला आहे. वाटी भरून ठेवली आहे. उद्या पट्टा जाईल, कीट जाईल, जांभळा डाग जाईल. मी पुन्हा तराजूत पडेन, आणि पुन्हा थोडा कमी भरेन. तेवढं मात्र त्याला घासून काढता येणार नाही. तो म्हणेल, झिजलाय.

मी झिजलेलो नाही. जेवढा मी कमी भरतो, तेवढा मी भिंगरीने वाटी तोंडाला लावून पिऊन टाकलेला आहे.